ठकूमावशीची पात

मी आयुष्यात तीन गोष्टी अथपासून इतिपर्यंत स्वतःच्या हातानं करायला घेतल्या. एक पंचा, एक भाकरी आणि एक भाताचं खाचर. पंचा मी स्वतः काढलेल्या सुताचा होता. त्यानं अंग पुसलं की पाण्याबरोबर थोडी कातडीही निघे, त्यामुळे त्या वर्षी मी बराच उजळलो असं आमच्या पुण्याच्या नातेवाइकांचं मत पडलं. भाकरी कासमभाई गाडीवानानं मागून नेली आणि उतारावर गाडी अडवायला चाकाखाली उटी म्हणून दोन पावसाळे वापरली. खाचराचं पुढं सांगतो, कारण ते आठवलं की अजून पाठ दुखते. या तिन्ही पराक्रमांना साक्षीदार एकच, वडिवळ्याची ठकूमावशी. नाव ठकू, पण तिला ठकवील असा माणूस निदान मावळात तरी जन्मला नव्हता.

वडिवळ्याला मी मास्तर म्हणून गेलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. दुसरी लढाई अजून चार-पाच वर्षं लांब होती. पुण्यातल्या आम्हा पोरांना तेव्हा स्वावलंबनाचं वारं लागलेलं. निघायच्या आदल्या दिवशी मी मित्रांसमोर शपथ घेतली की खेड्यात जे जे लागेल ते ते माझ्या हातानं करीन. मित्रांनी टाळ्या वाजवल्या आणि ते दुसऱ्याच्या हातचा चहा प्यायला हॉटेलात गेले. मला तिथंच कळायला हवं होतं.

शाळा म्हणजे पाटलांच्या गोठ्याला लागून असलेली एक लांबट खोली. मधली भिंत छातीएवढीच, त्यामुळे पलीकडच्या गुरांचंही शिक्षण फुकटात होई. त्यातली एक तांबडी गाय बाराखडी सुरू झाली की बरोबर 'हं'ला हंबरायची. पोरं चुकली तरी ती चुकत नसे.

पहिल्याच आठवड्यात मी शाळेच्या पायरीवर बसून, फुटक्या आरशात बघत, स्वतःचे केस स्वतः कापत होतो. पुढची बाजू झाली होती, म्हणजे पुढं फारसं काही उरलं नव्हतं. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक उंच, काटक बाई समोर येऊन थांबली. पन्नाशीच्या अलीकडची. दातांत भाताच्या पेंढ्याची एक काडी. ही काडी तिच्या तोंडात कायम असे. विचार करताना ती उजवीकडून डावीकडे जाई आणि निकाल लागला की थांबे. मास्तर हे काय चाललंय म्हणून तिनं विचारलं. मी तिला स्वावलंबनावर पाव तास व्याख्यान दिलं. तिनं भारा न उतरवता ते सगळं ऐकलं. काडी डावीकडे गेली आणि थांबली.

"बरं. ह्ये झालं," ती म्हणाली. "मग ऱ्हायलं काय?"

मी म्हणालो, मागची बाजू राहिलीय.

"डोस्क्याचं न्हाई इचारलं."

तिनं हनुवटीनं खोलीच्या आत दाखवलं. आत माझ्या खुर्चीपाशी पाटलांचं पारडू आणून बांधलेलं होतं आणि चाळीस पोरं त्याला एकसाथ नमस्कार घालत होती. खरं सांगायचं तर पारडाचा वर्गावरचा ताबा माझ्यापेक्षा बरा होता.

हा तिचा प्रश्न अख्ख्या गावाला ठाऊक होता. कुणी काही केल्याची फुशारकी मारली की ठकूमावशी शांतपणे विचारणार, ऱ्हायलं काय. पाटलांचा थोरला पळालेली कोंबडी दिवसभर डोंगर पालथा घालून घेऊन आला आणि चावडीवर तिला कडेवर घेऊन मिरवू लागला. मावशीनं विचारलं आणि त्याला आठवलं की आज बहिणीला न्यायला बेडशाला जायचं होतं. तिचं म्हणणं असं की केलेल्या कामाच्या पाठीला न केलेलं काम चिकटलेलंच असतं. माणूस केलेलं मिरवतं आन् ऱ्हायलेलं लपवतं, असं ती म्हणे. पुढं पुढं लोक तिला रस्त्यात पाहूनच हातातलं काम लपवायला लागले.

तिचं चरित्र मला माहीत नाही आणि तिनं ते सांगितलंही नाही, कारण सांगत बसलं तर काहीतरी राहिलं असतं. एवढंच कळलं की नवरा लवकर गेला आणि मग दहा-बारा वर्षं ती खंडाळ्याला एका पारशाच्या बंगल्यावर कामाला होती. तिथल्या पोरांना शिकवायला मास्तर येत. ही त्याच खोलीत झाडू मारी. एरवी पाच मिनिटांत झाडून होणाऱ्या त्या खोलीला रोज दोन तास लागू लागले, आणि झाडता झाडता बाई अपूर्णांकापर्यंत पोचली. मालक बंगला विकून गेले तेव्हा ही वडिवळ्याला परत येऊन आपली खाचरं करू लागली. मुलगी बाळंतपणात गेली होती. तिची पोर बनी हिच्यापाशी होती आणि माझ्याच शाळेत बसत होती.

बाईला येत नव्हतं असं काही नव्हतं. मोडलेला हात बसवायची, अडलेली म्हैस सोडवायची. तिनं विणलेल्या टोपलीत पाणी राहायचं असं लोक म्हणत. पाण्याचं मी पाहिलेलं नाही, ताक राहिलेलं पाहिलंय. आणि एवढं असून ती टोपल्या घ्यायची कामशेतच्या लक्ष्मण बुरुडाकडून, बदल्यात तांदूळ देऊन. मला हा स्वावलंबनाचा धडधडीत अपमान वाटला. मी तिला तसं बोललो. ती म्हणाली, येतं म्हून करायचं नसतं मास्तर. मी टोपली इनाया बसले तर माजं खाचर कोन लावील, लक्षुमन? त्यो चिखलात उतरला की म्हशीवानी बसूनच ऱ्हातो. त्याला टोपलीपाशी ठिवायचा आन् मला चिखलात. दोगंबी ज्येवत्यात.

कासमभाईचंही तसंच. भात झोडून, कांडून झालं की वडिवळ्याच्या अकरा घरांचे अकरा पुरुष अकरा गाड्या जुंपून आपापला आंबेमोहर विकायला लोणावळ्याला जात. दुसऱ्याच्या हाती माल द्यायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बाजार उरकला की ते भजी खात, स्टेशनवर इंजिनं बघत आणि तिसऱ्या दिवशी परतत. तोवर इकडं खाचरातली ओल उडून जाई आणि वाल-हरभरा पेरायचा राही. मावशीनं कासमभाईला बोलावलं. या माणसानं नांगर धरला तर तास सापासारखा जाई, पण बाजारात बोलायला लागला की व्यापारी स्वतःच्या बायकोचं नाव विसरे. तिनं सांगितलं की कासमभाऊ, समद्यांचा माल तू न्यायचा, आन् हे अकरा बाप्ये हितं वाल टोकतील. पुरुषमंडळी दोन दिवस तोंड फुगवून बसली. आमचं ऱ्हायलं की, असं एक जण तिचाच प्रश्न उलटवून म्हणाला. काय ऱ्हायलं म्हणून तिनं विचारलं, तर खाली मान घालून म्हणाला, भजी.

कासमभाई येताना अकरा घरांची भजी बांधून घेऊन आला. गार, दबलेली, तेलानं पडशी भिजलेली. पण त्या वर्षी गावात पहिल्यांदा दारोदार वाल वाळत पडला, आणि वालाच्या उसळीबरोबर शिळी भजी चांगली लागतात हा शोध वडिवळ्याला लागला.

आता माझं खाचर.

दुसऱ्या पावसाळ्यात मी शाळेमागचं पडीक खाचर मागून घेतलं. स्वतःच्या हातचं सूत झालं, भाकरी झाली, आता स्वतःचा तांदूळ. रोपं टाकली, ती उगवली आणि मी नांगर धरला त्याच आठवड्यात डेप्युटीसाहेबांचं पत्र आलं. पंधरा दिवसांनी तपासणीला येतो. निम्मी पोरं धड वाचणारी निघाली नाहीत तर वडिवळ्याची शाळा उठवून कामशेतच्या शाळेत घालू. कामशेत काही लांब नाही, पण मधे नदी आहे, आणि पावसाळ्यात ती नदी पोरांना पलीकडे जाऊ देत नाही. चार महिने घरी बसलेलं पोर पाचव्या महिन्यात गुरांमागं जातं, मग ते शाळेत येत नाही. पोरगी असली तर नाहीच नाही.

पत्र मी मावशीला वाचून दाखवलं. काडी बराच वेळ एकाच जागी होती. मग ती एवढंच म्हणाली, "बनीला माज्यावानी झाडू मारत शिकाया लागू नये, मास्तर."

मी तिला जोरदार आश्वासन दिलं आणि खाचरात उतरलो. शपथ म्हणजे शपथ. चिखलणी करता करता मी खाचरातून ओरडायचं आणि पोरांनी खिडकीतून म्हणायचं, अशी माझी योजना. पाऊस असा की 'क' खिडकीपर्यंत जाई आणि 'ख' वाहून जाई. तिसऱ्या दिवशी मला हुडहुडी भरली आणि मी घोंगडीत पडलो. चार दिवस मला शुद्ध नव्हती. चार दिवस शाळा ठकूमावशीनं घेतली.

पाचव्या दिवशी मी उठलो आणि लपून बघावं म्हणून गोठ्याच्या बाजूनं गेलो. गुरांत उभं राहून भिंतीवरून डोकावलो. दारातून दिसणाऱ्या अंगणातल्या चिखलात हातहातभर अक्षरं काढलेली होती. पोरं रोपांच्या मुठी मोजत पाढे म्हणत होती. ज्या पोराला मी सहा महिने 'ग' आणि 'म' यांतला फरक शिकवत होतो ते पुस्तकातला धडा वाचत होतं. मी आठ दिवसांत जे करतो ते बाईनं चारांत केलं होतं. शेजारी उभ्या तांबड्या गाईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जी कणव होती ती मला नंतर फक्त बायकोच्या डोळ्यांत दिसली.

संध्याकाळी मी मावशीच्या घरी गेलो आणि मोठ्या मनानं सांगितलं, आजपासून शाळा तुमची. मी तुमची आवणी करतो. मला वाटलं तिचे डोळे भरून येतील. ते आले नाहीत. सकाळी खाचरावर या, एवढंच ती म्हणाली.

मावळात आवणी, म्हणजे भाताची लावण, एकट्यानं कुणी करत नाही. सावड असते. आठ-दहा घरच्या बायका मिळून आज हिच्या खाचरात, उद्या तिच्या. दिवसाला दिवस फेडायचा. ठकूमावशी त्या सावडीतली पुढारीण. ती चार दिवस शाळेत बसली तर सावड रेंगाळली आणि तिची स्वतःची रोपं वाफ्यात पिवळी पडायला लागली, हे मला तिच्या खाचरावर गेल्यावर दिसलं. ती एका शब्दानं बोलली नव्हती.

बायका पळसाच्या पानांची इरली पाठीवर घेऊन ओळीनं वाकतात. प्रत्येकीची एकेक पट्टी, तिला पात म्हणतात. रोपं खोचत खोचत मागं सरकायचं. ठकूमावशीचा नियम असा की एकदा वाकलं की पलीकडच्या बांधालाच उठायचं. पात सोडायची नाही. एकदा तिचा भाऊ दोन वर्षांनी भेटायला आला होता. तो बांधावरून तिच्या बरोबरीनं चालत तिच्या पाठीशी बोलला, खुशाली सांगितली, विचारली आणि परत गेला. घरी जाऊन त्यानं बहीण बरी दिसली म्हणून सांगितलं. त्यानं तिचं तोंडही पाहिलं नव्हतं.

मला तिच्या शेजारची पात मिळाली. बायका पलीकडच्या बांधाला पोचल्या तेव्हा मी अलीकडच्या बांधापाशी एक मूठ लावून तीन प्रकारे पडलो होतो. दिवसभरात मी एक कोपरा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या खाचराचा मालक हातात वाहून आलेली, चिखलानं भरलेली रोपं घेऊन शाळेत आला आणि अदबीनं म्हणाला, मास्तर, तुमचं कायतरी पडलं.

त्याच दुपारी बायका भाकरीला बांधावर बसल्या. मावशीनं मला समोर बसवलं.

"शाळा म्या तुमच्यापरीस दुपटीनं बरी घेतली. खरं का न्हाई?"

खरं आहे, मी म्हणालो.

"आन् आवणी?"

बायका पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. एक म्हणाली चाळीसपट. दुसरी म्हणाली, एवढा पाढाच न्हाई.

"चाळीस धरा. म्या शाळंत बसले तर शाळंला एक मास्तर जादा मिळतोय, आन् हितं चाळीस मास्तरांची आवणी ऱ्हातीया. आन् तुमी खाचरात आलासा तर आवणी हाय तितंच ऱ्हाती." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "म्हून तुमी शाळंत जावा."

माझा अहंकार अजून थोडा शिल्लक होता. मी विचारलं, म्हणजे मी शाळेत चांगला आहे म्हणून?

काडी उजवीकडून डावीकडे गेली. थांबली.

"न्हाई. तुमी समदीकडंच वाईट. शाळंत कमी वाईट. मानसानं जितं कमी वाईट हाय तितं बसावं."

मला पुढं आयुष्यात बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली. एवढं खरं एकही नव्हतं.

माझं खाचर सावडीनं लावायचं ठरलं, पण एका म्हातारीनं वाजवी शंका काढली. मास्तराचा दिवस घेऊन आपण काय करायचा? तो आपल्या खाचरात आला तर उलटं नुकसान. मावशीनं तोड काढली. घरोघरचे लेक, नवरे मुंबईला गिरण्यांत होते. त्यांची पत्रं येऊन पडलेली, उत्तरं जायची राहिलेली, कारण मास्तर सूत काढत होते. मास्तरानं दिवसाला दिवस देऊ नये, पातीला पत्र द्यावं. पत्रं तिलाही लिहिता येत होती आणि माझ्यापेक्षा नेमकी. माझ्या पहिल्याच पत्रातल्या नऊ ओळींच्या मायन्यावर तिनं बोट फिरवलं आणि सांगितलं, नांगर मोडलाय, ये, एवढंच लिवा. पण ती लिहायला बसली असती तर राहिलं असतं काय, हे आता मलाही कळत होतं.

मी टकळी आढ्याला टांगली. डोकं न्हाव्याच्या हवाली केलं. भाकरी ज्या घरचं पत्र त्या घरून यायची. उरलेले दिवस उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मी फक्त शिकवलं. कमी वाईट माणूस दुसरं काहीच करत नसला की कितपत बरा होऊ शकतो, याचा तो माझा पहिला अनुभव.

डेप्युटीसाहेब कासमभाईच्या गाडीतून नदी ओलांडून, गुडघ्यापर्यंत भिजून आले. वाचन झालं. निम्म्याहून चार पोरं जास्त निघाली. मी सुटकेचा श्वास सोडणार तोच साहेबांना तोंडी हिशेब घालायची हुक्की आली. एका माणसाला विहीर खणायला आठ दिवस लागतात, तर आठ माणसांना किती?

बनी उभी राहिली. "साहेब, दिस कंचं?"

साहेब म्हणाले, म्हणजे?

"आवनीचं का उनाळ्याचं? आवनीचं आसलं तर आठीजनं हिरीत उतरल्याव खाचरात ऱ्हायलं कोन?"

पलीकडून गाय हंबरली. माझी नोकरी माझ्या रोपांसारखी तरंगत खालच्या खाचराकडे निघालेली मला स्पष्ट दिसली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि हे हिला कुणी शिकवलं म्हणून विचारलं. एरवी मी छाती पुढं काढून मीच म्हणालो असतो. पण बनी माझ्याकडे बघत होती. मी ठकूमावशीचं नाव सांगितलं.

साहेबांना तिला भेटायचं होतं. ती खाचरात होती, म्हणून साहेबच खाचरावर गेले. छत्री सावरत, बांधावरून घसरत, ते तिच्या पाठीबरोबर चालू लागले. तुम्हाला इतकं चांगलं शिकवता येतं तर शाळा तुम्हीच का घेत नाही, असं त्यांनी विचारलं. इरल्याखालून आवाज आला, मास्तरास्नी इचारा, त्यास्नी पाठ झालंय. मग भर पावसात, बांधावर, आठ बायकांसमोर, मी माझ्या वरिष्ठांना सांगितलं की मी सगळीकडेच वाईट आहे आणि शाळेत कमी वाईट आहे.

साहेबांनी शेरेबुकात काय लिहिलं ते माझ्यावर विश्वास ठेवणारे मोजके लोक खरं मानतात. 'शिक्षक कमी वाईट. शाळा चालू ठेवावी.' खाली सही.

मी वडिवळ्यात आणखी सहा वर्षं काढली. बनी माझ्याकडच्या इयत्ता संपवून कामशेतला गेली. पावसाळ्यात कासमभाईच्या बहिणीकडे राही. मग माझी बदली झाली ती नेमकी आवणीत. सामान फारसं नव्हतं. टकळी मी आढ्यालाच ठेवली, पुढच्या मास्तराला उपयोगी पडावी म्हणून, म्हणजे टांगायला.

कासमभाईनं गाडी खाचरांच्या कडेनं घेतली. मावशी पातीवर होती. मी उतरून बांधावर गेलो आणि तिच्या पाठीला सांगितलं की निघालो.

"व्हय. ठावं हाय," पाठ म्हणाली. "जावा. गाडी चुकंल."

मी बरंच काही ठरवून आलो होतो. सहा वर्षं पत्रं लिहून मायने मला छान जमू लागले होते. पण ती रोपं खोचत मागं सरकत होती आणि मी बांधावरून तिच्याबरोबर चार पावलं चाललो, तिच्या भावासारखा, आणि मग येऊन गाडीत बसलो. मला वाईट वाटलं नाही. नियम मला पाठ होता.

गाडी वळणाशी आली. कासमभाईनं आपणहून बैल थांबवले. त्यानं चाबकाच्या दांड्यानं मागं दाखवलं.

खाचराच्या मधोमध ठकूमावशी सरळ उभी होती. इरलं मागं सरकलेलं, पाऊस तोंडावर, हातात रोपांची मूठ तशीच. मी हात वर केला. तिनं केला नाही. नुसती बघत उभी राहिली. तिच्या दोन्ही अंगांच्या बायका मागं सरकत होत्या, हिरवं त्यांच्याबरोबर सरकत होतं. त्या पलीकडच्या बांधाला पोचल्या, एकेक करून उठल्या, आणि तिच्याकडे बघत थांबल्या.

कासमभाईनं बैलांना हाक घातली तेव्हाही ती तशीच उभी होती. अख्खं खाचर हिरवं झालं होतं. मधे तेवढी एक पात राहिली होती.